फणसाच्या खोडावरचा खंडोबाचा किडा कुणाचा भाऊबंद? आणि त्यासाठी पूर्ण मायटोकॉन्ड्रिया जीनोम करावा का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई खानापूर तालुक्यातल्या आहेत, एम.एस्सी. झूलॉजी करतात. घराजवळच्या फणसा-आंब्याच्या खोडांवर मिळणारे चपटे, सालीच्या रंगाचे खंडोबाचे किडे (इंग्रजीत मँटिस) त्यांनी प्रकल्पासाठी गोळा केले. बारकोडचा तुकडा (जात ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा भाग) वाचून घेतला आणि जेनबँकेतल्या, म्हणजे डीएनए क्रमांच्या खुल्या साठ्यातल्या, इतर जातींबरोबर वंशवृक्ष काढला. जुन्या पुस्तकांत हे किडे आणि दक्षिण अमेरिकेतली लिटुर्गुसा ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकाच कुलात आहेत, दोघांची राहणी खोडावरची, दिसायलाही सारखे. म्हणून ते शेजारी शेजारी बसतील अशी अपेक्षा होती. बसले भलतीकडेच. गाइड म्हणतात, एका जनुकावर काय ठरतंय, पूर्ण मायटोकॉन्ड्रिया जीनोम करा (मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघराचा सगळा डीएनए वाचा), तेरा जनुकं आली की उत्तर पक्कं. ताईंचा प्रश्न असा की खरंच पक्कं होईल का, की पैसे जातील आणि गोंधळ तिथेच राहील?

ताई, मी बेळगावचाच. कीटकांच्या डीएनएवरून नातीगोती लावण्याचं काम बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावर लिहितो. आधी निकाल सांगतो. तुमचा वृक्ष याबाबतीत बहुधा बरोबर आहे, जुनी आहे ती अपेक्षा. मायटोजीनोम, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया जीनोम, जरूर करा, पण 'पक्कं उत्तर' मिळावं म्हणून नको. तो वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे, त्यावर पुढे येतो.

तुम्ही वर्णन केलेला किडा हंबर्टिएला असावा. फोटोवरून प्रजातीपर्यंत बोट ठेवणं धाडसाचं आहे, त्यामुळे 'असावा' एवढंच म्हणतो. पण तुम्ही लिहिलेली वागणूक त्याच्याशी जुळते: जवळ गेलं की पळून न जाता खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो, आपण फिरलो की तोही फिरतो, मधे कायम खोड ठेवतो. एकट्याने पकडणं म्हणजे प्रदक्षिणाच. दोघांनी दोन बाजूंनी जायचं आणि रुंद तोंडाची बरणी सालीला दाबून धरायची. हाताने धरलात तर एखादा पाय तुटून हातात राहतो. तोही टाकू नका, डीएनएसाठी तेवढा पाय पुरतो.

आता नात्याकडे. खोडावर राहायचं म्हटलं की अंग चपटं हवं, पाय दोन्ही बाजूंना पसरलेले हवेत, रंग सालीशी मिळता हवा. हे साचे निवडीच्या दाबाखाली वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळ्या पूर्वजांपासून पुन्हा पुन्हा घडू शकतात आणि खंडोबाच्या किड्यांत ते भरपूर घडलं आहे. स्वेन्सन आणि व्हायटिंग यांनी २००४ मध्ये आणि अधिक विस्ताराने २००९ मध्ये डीएनएवरून या गणाचा वृक्ष मांडला. रूपावरून बांधलेली बरीचशी कुलं त्यात फुटली. एकाच कुलात घातलेले किडे वृक्षावर दूर दूर गेले आणि पुष्कळ ठिकाणी दिसण्यापेक्षा भूगोल नात्याशी जास्त जुळला. गोंडवन या जुन्या महाखंडाच्या तुकड्यांबरोबर वेगळ्या झालेल्या शाखांनी आपापल्या भूभागावर खोडावरचे, पानासारखे, काडीसारखे असे सगळे नमुने नव्याने घडवले, असा त्याचा अर्थ.

वर्गीकरणानेही हे नंतर मान्य केलं. २००२ च्या जागतिक सूचीत खंडोबाच्या किड्यांची १५ कुलं होती. २०१९ मध्ये श्वार्झ आणि रॉय यांनी डीएनए आणि नराचे जननांग एकत्र धरून नवी मांडणी केली, त्यात २९ झाली. त्याच मांडणीत आपल्याकडचे हंबर्टिएला आणि थिओपोम्पा लिटुर्गुसिडी कुलातून निघून गोनिपेटिडी कुलात गेले. लिटुर्गुसा आणि तिची अमेरिकेतली भावकी मागे राहिली. जेनबँकेतल्या जुन्या नोंदींवर आणि २०१९ पूर्वीच्या लेखांत अजूनही जुनंच कुलनाव दिसतं. तुमची फसगत तिथे झाली. थिसिसमध्ये ही कुलनावं बदलून लिहा आणि कुठल्या मांडणीप्रमाणे लिहिली ते स्पष्ट नोंदवा. नाहीतर परीक्षक तोच प्रश्न तुम्हाला विचारतील.

मग मायटोकॉन्ड्रिया जीनोमचं काय? कीटकांत तो साधारण १५ ते १६ हजार अक्षरांचा गोल डीएनए असतो. ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (प्रथिन बांधताना एकेक अमिनो आम्ल आणून देणारे रेणू), २ आरआरएनएची (प्रथिन बांधणाऱ्या यंत्राचे भाग), शिवाय एक नियंत्रक भाग. खंडोबाच्या किड्यांत पहिला पूर्ण वाचला गेला तो न्यू गिनीतल्या टॅमोलॅनिका टॅमोलानाचा, २००६ साली. पेशीत त्याच्या प्रती ढिगाने असतात, म्हणून पाय सुकलेला असला तरी बऱ्याचदा मिळून जातो. आता एकेक तुकडा प्रायमरने (हव्या तुकड्याच्या टोकाला चिकटणारा छोटा डीएनए) उचलायचीही गरज नाही. सगळ्या डीएनएचं हलकं सिक्वेन्सिंग करून घेतलं की त्यातून मायटोजीनोम जोडून निघतो.

गाइडांच्या म्हणण्यातली खरी गफलत अशी आहे. ही तेरा जनुकं एकाच गोलावर, एकाच आईकडून, सहसा अदलाबदल न होता खाली येतात. म्हणजे ते तेरा साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचे तेरा जबाब आहेत. जबाब लांबला की तपशील वाढतो, पण साक्षीदाराचीच दिशाभूल झाली असेल तर तेराही जबाब एकाच बाजूला झुकतात. अशी दिशाभूल होते कशी? दोन जवळच्या जातींत कधीकाळी संकर झाला आणि एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरला. किंवा वोल्बाकियासारखा जिवाणू मादीमार्गे पसरला आणि आपल्याबरोबर एकच मायटोकॉन्ड्रिया सगळ्या लोकसंख्येत घेऊन गेला. जवळच्या जातींच्या पातळीवर हा धोका जास्त. तुमचा प्रश्न कुलांच्या पातळीवरचा आहे, तिथे तो कमी. पण तिथे दुसरं दुखणं निघतं.

कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात ए आणि टी ही अक्षरं फार, खंडोबाच्या किड्यांत तर साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास. कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या जागी तेच तेच बदल इतक्या वेळा उलटसुलट होतात की जुना इतिहास पुसला जातो. दोन लांबच्या शाखा दोन्हीकडे ए-टी वाढल्यामुळेच जवळच्या भासू शकतात. वृक्ष मात्र छान दिसतो आणि प्रत्येक फांदीवर बूटस्ट्रॅप १००. या शंभराने भुलू नका. तेच आकडे पुन्हा पुन्हा उचलले तर तोच वृक्ष येतो का, एवढंच तो सांगतो, वृक्ष खरा आहे की नाही हे नाही. आकडे जितके जास्त तितका चुकीचा वृक्षही ठामपणे येऊ शकतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तीन वृक्ष काढायला लावतो: एक सगळी अक्षरं धरून, एक तिसरी जागा गाळून, एक प्रथिनाच्या अमिनो आम्लांवर. तिन्हींत टिकली ती फांदी बोलण्यालायक. एकातच दिसली तर तिच्यावर परिच्छेद लिहू नका. वेळ आणि संगणक असेल तर जागेनुसार वेगवेगळं प्रमाण धरणारं प्रतिमानही चालवा. कॉलेजच्या संगणकावर ते दिवसेंदिवस चालतं, तेव्हा आधी थोड्या जातींवर करून बघा.

आता मायटोजीनोम करावा असं मी का म्हणालो ते सांगतो, कारण तुमच्या किड्याच्या बाबतीत गंमत तिथेच आहे.

कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात जनुकांची रांग सहसा ठरलेली असते. नियंत्रक भागानंतर आयसोल्युसिन, ग्लुटामिन आणि मेथिओनिनचे टीआरएनए, मग एनडी२ हे प्रथिनाचं जनुक, आणि असंच पुढे. झुरळांपासून माश्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी हीच रांग. खंडोबाच्या किड्यांतही तशीच असेल असं समजून चाललं होतं. २०१६ मध्ये चीनमधल्या एका गटाने आठ जातींचे मायटोजीनोम प्रसिद्ध केले, त्यातल्या दोनच जातींत ही नेहमीची रांग सापडली. आणि बघा, जे तीन खोडावरचे किडे त्यात होते, तेव्हा लिटुर्गुसिडी म्हणून नोंदलेले, त्या तिघांतही मेथिओनिनच्या टीआरएनएने जागा बदललेली होती. त्यात एक हंबर्टिएला आणि दोन थिओपोम्पा. म्हणजे आजचे गोनिपेटिडी, तुमच्या फणसावरच्या किड्याचे सख्खे भाऊबंद.

रांग बदलणं ही एका अक्षराच्या बदलासारखी रोज घडणारी गोष्ट नाही. म्हणून तो वेगळ्या प्रकारचा पुरावा ठरतो. ए-टीच्या झुकावाचा तिच्यावर तसा परिणाम होत नाही. तुमच्या खानापूरच्या नमुन्यात मेथिओनिनचा टीआरएनए हललेला निघाला तर वृक्षाला आणखी एक दुजोरा मिळेल, आणि तोही पश्चिम घाटातल्या नमुन्यावरून. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला एवढं भरपूर झालं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. त्याच अभ्यासात आर्जिनिनच्या टीआरएनएच्या एकामागे एक अशा जादा प्रती चार ठिकाणी आढळल्या: क्रिओब्रॉटर, मँटिस रेलिगिओसा, स्टॅटिलिया आणि थिओपोम्पातला एक. आता क्रिओब्रॉटर फुलावरचा, थिओपोम्पा खोडावरचा. दोघांत या प्रती आहेत म्हणून ते जवळचे, असं म्हणायला गेलात तर बाकी सगळा वृक्ष मोडावा लागेल. प्रती वेगवेगळ्या शाखांत आपापल्या झाल्या, हेच सोपं स्पष्टीकरण. स्टॅटिलियात तर त्याच्या पुढची कथा: आर्जिनिनच्या जादा प्रतींपैकी काहींत अँटीकोडॉनमधलं (कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांतलं) अक्षर बदललं आणि त्या ट्रिप्टोफॅनच्या टीआरएनए झाल्या, अशा पाच. कीटकांतलं असं ते पहिलंच उदाहरण होतं. लेखकांनी स्वतःच बजावलं आहे की टीआरएनएच्या या खुणांतून नात्याची माहिती मर्यादितच मिळते. माझं मतही तेच. जागा बदलणं थोडं वजनदार, प्रतींची संख्या जवळजवळ बिनवजनी. थिसिसमध्ये दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

यातून एक तांत्रिक कटकट निघते. एकसारख्या प्रती शेजारी शेजारी असल्या की छोट्या तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगमधून जोडणी करणारा प्रोग्रॅम चार प्रतींची एकच करून टाकतो. गोल जुळलेला दिसतो, लांबी मात्र कमी भरते. एनडी३ आणि एनडी५ या जनुकांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे आर्जिनिनचा टीआरएनए असतो, तुकड्यांची दाटी अचानक दुप्पट-तिप्पट झालेली दिसली तर समजा, प्रती दाबल्या गेल्यात. तेवढ्या भागावर दोन बाजूंनी प्रायमर घालून पीसीआर करा (म्हणजे तेवढ्याच तुकड्याच्या भरपूर प्रती काढा) आणि जेलवर लांबी बघा. पट्टी अपेक्षेपेक्षा वर आली की संशय खरा. लांब तुकड्यांचं सिक्वेन्सिंग परवडत असेल तर हा उद्योग वाचतो.

खर्चाचं तुमच्या परिस्थितीवर आहे. एक-दोन नमुन्यांचेच पैसे असतील तर एक चांगला, प्रौढ, नीट ओळखलेला नर निवडून त्याचा मायटोजीनोम करा आणि बाकीच्यांचे बारकोड. दहा मायटोजीनोमांचे पैसे असतील तर दहाही फणसावरचेच करू नका. तुमच्याकडे शेतात मिळणारे, बांधावरचे, दिव्यावर येणारे वेगवेगळ्या कुलांतले घ्या. जाती मधल्या मधल्या भरल्या की लांबलचक फांद्या तुटतात आणि वृक्ष सुधारतो. माझ्या मते एका जातीचं तेरापट वाचन करण्यापेक्षा दोन जाती जास्त घेणं केव्हाही बरं. आणि प्रकल्प सहा महिन्यांत संपवायचा असेल, तर बारकोड आणि एखाद-दुसरा पेशीकेंद्रातला जनुक एवढंच घ्या. पेशीकेंद्रातला जनुक छोटा असला तरी तो दुसरा साक्षीदार आहे.

बारकोडला कमी लेखू नका. खोल नाती सांगणं हे त्याचं कामच नव्हे. पण पिल्लू कुणाचं, नर-मादीची जोडी कुठली, हे तो चोख सांगतो. खंडोबाच्या किड्यांत नर-मादी दिसायला इतके वेगळे असतात, आणि पिल्लांना तर जननांगच तयार नसतं, की तिथे त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आउटग्रुपबद्दल (वृक्षाचं मूळ ठरवायला घेतलेला गणाबाहेरचा किडा) एक शब्द, कारण तुम्ही नाकतोडा घेतलाय असं दिसतं. दिसायला लांबट हिरवा म्हणून मुलं तोच घेतात. खंडोबाच्या किड्यांचे जवळचे नातलग म्हणजे झुरळं आणि वाळवी. खंडोबाचा किडा आणि झुरळ, दोघांची अंडी कोषात एकत्र बांधलेली, हा त्या नात्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. वाळवी ही झुरळांच्याच आतली एक फांदी आहे हे २००७ पर्यंत डीएनएवरून चांगलं पटलं होतं. ऑस्ट्रेलियातली मॅस्टोटर्मिस नावाची आदिम वाळवी अजूनही अंडी कोषासारख्या जुडग्यात घालते. तेव्हा दोन-तीन झुरळं आणि एक वाळवी घ्या, नाकतोडा काढा. आउटग्रुप फार दूरचा असला की मूळ भलत्या फांदीवर जाऊन बसतं. आणि मँटॉइडा, केटीसा, मेटॅलिटिकस या सुरुवातीला फुटलेल्या प्रजातींपैकी जे जेनबँकेत मिळेल ते जरूर घ्या. खालची बाजू त्यांच्यामुळे बांधली जाते.

नमुन्याची काळजी. हे शिकारी किडे आहेत. पोटाचा तुकडा घेतलात तर कालचं जेवण वाचून येईल. रातकिडा, माशी, काहीही. म्हणून नेहमी पाय, तोही मागचा किंवा मधला. पुढचा काटेरी पाय ओळखीसाठी ठेवा, त्यावरच्या काट्यांची संख्या आणि मांडणी लागते. आपल्याकडे पावसाळा सरता सरता ओढ्याकाठी खंडोबाच्या किड्याच्या पोटातून काळा, दोऱ्यासारखा, वीतभर किडा बाहेर पडताना दिसतो. तो केसकृमी. आत असताना बाहेरून काही कळत नाही, आणि पोटाचा तुकडा घेतला तर त्याचाही डीएनए येतो. पायात ही भीती फार कमी.

दुसरं, पेशीकेंद्रात मायटोकॉन्ड्रियाच्या जुन्या, मोडक्या प्रती अडकलेल्या असतात. प्रायमर कधी त्यांनाच चिकटतो. वाचलेल्या क्रमात मधेच स्टॉप कोडॉन आले तर संशय घ्या. पण त्याआधी भाषांतराचा तक्ता (कोणता कोडॉन म्हणजे कोणतं अमिनो आम्ल) तपासा. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, थांबा नव्हे. नेहमीचा तक्ता लावून मुलं उगाच घाबरतात. पाच नंबरचा तक्ता लावा.

स्पिरिट शक्यतो ९५ टक्क्यांच्या वरचं, आणि एका दिवसाने बदला, कारण किड्याच्या अंगातलं पाणी त्यात उतरतं. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला नमुना डीएनएसाठी गेलाच. कॉलेजच्या कपाटातलं निळं मेथिलेटेड स्पिरिटही टाळा. पिल्लू मिळालं तर घाई करू नका, जाळीच्या डब्यात माश्या घालून प्रौढ होऊ द्या. नराचं जननांग डाव्या-उजव्या बाजूंना वेगळं असतं आणि ओळख बहुधा तिथेच ठरते. उरलेला किडा टाचणीवर लावून, ठिकाण, तारीख आणि कोणत्या झाडावर मिळाला हे लिहून जपा, पुढे पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रासारख्या संग्रहात द्या. मागे नमुना नसलेला जीनोम म्हणजे नुसतं नाव, ते चुकलं तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

परसातल्या फणसावरचं ठीक आहे. पण भीमगड अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे त्या जंगलातल्या गावांच्या आसपास, पकडणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी हवी, आणि ती यायला वेळ लागतो. डीएनए परदेशी पाठवायचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो. देशातच सिक्वेन्सिंग होतं, तिथेच करा.

गाइडांनी 'कुलं कधी वेगळी झाली तेही काढा' असं म्हटलंय. एवढ्या माहितीवर मी ते करणार नाही. ब्राझीलच्या क्राटो खडकांत ११ कोटी वर्षांहून जुना सँटनमँटिस मिळतो, असे थोडेच चांगले जीवाश्म आहेत, आणि ते वृक्षावर कुठे टांगायचे यावर तारखा कोट्यवधी वर्षांनी सरकतात. पुसट झालेल्या मायटोकॉन्ड्रियावर तर आणखीच. भारत मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला म्हणून तुमचा किडाही तेव्हाच वेगळा झाला, असं वाक्य थिसिसमध्ये मोहक दिसतं, पण ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही.

राहता राहिलं एक. तुमच्या वृक्षात फणसावरच्या किड्याशेजारी नेमकं कोण बसलं ते तुम्ही लिहिलं नाही. हंबर्टिएला किंवा थिओपोम्पा असेल तर पुढे चला आणि मेथिओनिनचा टीआरएनए कुठे आहे ते बघा. दुसरा एखादा खंडोबाचा किडा असेल तर जेनबँकेतल्या त्या नोंदीचा नमुना कुठे ठेवलाय ते आधी शोधा, नोंदींवरची नावंही चुकलेली असतात. आणि रातकिडा किंवा झुरळ असेल, तर आजच त्या नमुन्याचा दुसरा पाय काढून नव्याने डीएनए करा.